विहीणबाईंच्या पंचाहत्तरीचं कीर्तन

मी लेस्टरची कीर्तनकार. हसू नका, आहे अशी एक. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म लोकांचं रक्त तपासलं आणि सुट्टीच्या दिवशी नऊवारी नेसून, हातात झांजा घेऊन मंडळाच्या हॉलमध्ये उभी राहिले. कला वडिलांची. ते राष्ट्रीय कीर्तन करायचे, म्हणजे पूर्वरंगात देवाधर्माचं बोलायचं आणि उत्तररंगात देशासाठी झिजलेल्या एखाद्या माणसाचं चरित्र लावायचं. त्यांच्याकडून मी आवाज घेतला आणि तोंडही घेतलं. रागाला औषध आमच्या घरात कधीच नव्हतं.

लेक माझी लंडनमध्ये, एजवेअरला असते. इथंच जन्मली, इथंच डॉक्टर झाली. जावईही डॉक्टर, तो मात्र पुण्याहून आलेला. त्याची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्यांच्याकडेच असतात. त्यांना मागं पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हा जावयानं त्यांच्या माहेरच्या गावाहून, चिपळूणकडून, एक बाई आणली त्यांचं सगळं करायला. पंचेचाळिशीची असेल. घरात तिला सगळे मावशी म्हणत. नातवंडं मावशी म्हणत, लेक म्हणे, जावई म्हणे, तिच्याहून तीस वर्षांनी मोठ्या विहीणबाईसुद्धा जड जिभेनं मावशीच म्हणत. मीही म्हणायची. नात्याचं नाव एकदा चिकटवलं की पुढचं काही बघायला नको, असा आपल्या लोकांचा सोयीचा समज आहे.

विहीणबाईंची पंचाहत्तरी आली तेव्हा लेकीचा फोन आला. "आई, तू कीर्तन कर ना आमच्याकडे. पण शॉर्ट हं. आणि मंडळातली यंग कपल्स येणार आहेत, नेबर्स येणार आहेत, तर त्यांना रिलेट होईल असा काहीतरी घे." मागून नात ओरडली, "आजी, डू द स्लेव्हरी मॅन." तिला शाळेत तेव्हा तेच शिकवत होते.

तो माणूस म्हणजे इथल्या पार्लमेंटमधला जुना नेता, गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून ज्यानं आयुष्य पणाला लावलं तो. मी लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं आणली आणि बसले वाचत. अंगानं किडकिडीत, पोटाच्या दुखण्यानं हैराण, आणि पुन्हा पुन्हा तोच ठराव घेऊन उभा राहायचा, पुन्हा पुन्हा हरायचा. एकदा तर म्हणे त्याच्या बाजूची काही माणसं ऐन मतदानाच्या वेळी नाटकाला जाऊन बसली आणि ठराव पडला. हे वाचलं आणि मी म्हटलं, हा आपला माणूस. मराठी मंडळ चालवलेल्या कुणालाही त्याचं दुःख कळेल. मी त्याच्यावर साक्या रचल्या, चाली बसवल्या. पेटीला बेलग्रेव्ह रोडवरचे एक गुजराती काका नेहमी येतात, त्यांना चरित्र समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बेन, माणूस सारो छे, पण नाव मीटरमां बेसतुं नथी." म्हणून मी आख्यानात त्याला नुसतं 'नेता' म्हटलं.

शनिवारी दुपारी लेकीचं घर फुलून गेलं होतं. सोफे बागेत नेऊन ठेवले होते, खाली सतरंज्या, गुडघे न वाकणाऱ्यांना खुर्च्या. विहीणबाई नवी पैठणी नेसून व्हीलचेअरवर पुढं. मी गादीवर उभी राहिले, उपरणं सारखं केलं, आणि बघते तर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज. आता आमच्या वडिलांची एक शिस्त होती. घरातली चूल सांभाळणारी बाई येऊन बसल्याशिवाय ते नमन म्हणत नसत. यजमानीण कितीही मोठी असो, ते हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, आतल्यांना येऊ द्या. मीही ते पाळते.

"मावशींना बोलव," मी लेकीला म्हटलं.

"आई, तिला काम आहे. साबुदाणावडे तळायचे आहेत."

"वडे पळून जात नाहीत."

लोक हसले. लेकीला ते आवडलं नाही, पण चारचौघांत काय करते. मावशी पदराला हात पुशीत आली आणि दाराशी टेकून बसली. मग मी नमन म्हटलं.

कीर्तन रंगलं, हे मी सांगायला नको, पण सांगते. मध्यंतरात बुक्का लावला, हार घातला, आणि मी आख्यानाला हात घातला. जहाजाच्या तळाशी माणसं कशी साखळ्यांनी जखडून ठेवत ते सांगितलं, तेव्हा एक तरुण मुलगी डोळे पुसत होती. मग साखरेचं सांगितलं. गुलामांच्या कष्टाची साखर आपल्या घरात नको, म्हणून इथल्या साध्यासुध्या बायकांनी बिनसाखरेचा चहा प्यायला सुरुवात केली. त्यांना मत नव्हतं, पार्लमेंटात पाय ठेवायची सोय नव्हती, पण चुलीवर तर त्यांचीच सत्ता. या जागी मी झांज वाजवून टाळ्या घेतल्या. शेवटी नेता अंथरुणाला खिळलेला, आणि मरणाच्या उंबरठ्यावर त्याला निरोप मिळतो की गुलामगिरी बंद करायचा कायदा आता होणार. भरपाई मात्र मालकांना मिळाली, गुलामांच्या हातावर कुणी काही ठेवलं नाही. लोक चुकचुकले. जावई सगळ्यात मोठ्यानं चुकचुकला.

आरती झाली. कीर्तन संपलं की लोक रांगेनं येऊन कीर्तनकाराच्या पाया पडतात. मान माझा नसतो, गादीचा असतो. मी एकेकाच्या कपाळाला बुक्का लावत होते. शेवटी मावशी आली. वाकली आणि उठेचना. माझी पावलं दोन्ही हातांनी धरून ठेवली तिनं. मला वाटलं, बाई भारावली. मी खांद्याला धरून उठवायला वाकले, तेव्हा ती माझ्या पायांशीच बोलली.

"काकू, मला घरी धाडा. माज्या पोरीचं दिवस भरत आलं. पहिलटकरीण हाय. माजा पासपोर्ट सायबांच्या कपाटात हाय."

एवढं बोलून ती उठली आणि वडे तळायला गेली. मागं कुणीतरी फोटो काढत होतं. त्या फोटोत माझ्या हातात बुक्क्याची डबी आहे आणि तोंड उघडं.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे मी मराठी माणसाला समजावून सांगत नाही. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते, आई तेलपाणी करते, शेक-शेगडी बघते. माझी लेक बाळंतपणाला लेस्टरला आली नाही, हॉस्पिटल इकडचं हवं म्हणाली, म्हणून मी बोचकं बांधून एजवेअरला येऊन राहिले. डिंकाचे लाडू वळून वळून हात दुखले माझे. ह्या बाईची पोर तिकडे कुणाच्या घरी बसली होती? बाप नाही, भाऊ नाही. चुलत्याच्या पडवीत.

पाहुणे जेवत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन मावशीला गाठलं. मग एकेक कळलं. ती विहीणबाईंच्या खोलीतच खाली गादी टाकून झोपायची, रात्री त्यांना कूस बदलून द्यायला. सुट्टी नाही. एकटी बाहेर कधी गेली नाही. पगार गावच्या बँकेत टाकतो असं साहेब म्हणायचे, चुलता म्हणायचा कधी येतो कधी नाही. फोन रविवारी, ताईंच्या मोबाईलवरून. व्हिसा केव्हाच संपला होता. आणि जावयानं तिला सांगून ठेवलं होतं की आता तू एकटी बाहेर पडलीस तर पोलीस तुलाच धरतील. पोरीचं तिनं ताईंना सांगितलं होतं. ताई म्हणाल्या, बघू, ख्रिसमसनंतर बघू.

ताई म्हणजे माझी लेक. मी तिला नऊ महिने वागवलेली. माझ्या पायाखालची जमीन सरकली वगैरे म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. संताप आला, नुसता संताप. त्यात लाज किती आणि राग किती हे मला आजही वेगळं करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, पोलिसांना फोन करायचा. मी तेच म्हटलं तिला. "मावशी, इथं कायदा आहे ह्यासाठी. मी फोन लावते, आत्ता." ती घाबरून माझा हात धरून म्हणाली, "नको वो काकू. केस झाली म्हंजे म्हयनं जातील. पोर थांबायची नाय. मला न्याय नको, मला घरी जायाचंय." खरं सांगते, मला त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटलं. लेकीच्या दाराशी पोलीस आणायचे नव्हते म्हणून. आणि तसं वाटल्याचा मला राग आला तो निराळाच.

शेवटचा पाहुणा गेला तशी मी लेक-जावयाला समोर बसवलं.

"तिचा पासपोर्ट द्या."

लेकीचा चेहरा पडला, मग ताठ झाला. "आई, तुला काय माहीत नाही. शी इज फॅमिली. आमच्यासोबत जेवते ती. मी तिला जॅकेट घेतला, बर्थडेला केक आणला. तू तिला विचार, आम्ही कधी ओरडलो?"

"पासपोर्ट कुठाय?"

"सेफ आहे. हरवला असता तिच्याकडून."

"आणि ही बाई? हीपण हरवेल म्हणून कपाटात ठेवलीत का?"

जावई मध्ये पडला. शांत माणूस, आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायला जास्त त्रास होतो. "आई, तुम्ही इमोशनल होताय. इथले केअरर दिवसातून चार वेळा येतात, दर वेळी नवा माणूस. आईला त्यांची भाषा कळत नाही, त्यांना आईची. मावशी आली तेव्हा आईनं महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला. तिच्या व्हिसाचं वकील बघतोय. थोडा वेळ द्या."

"तिच्या पोरीला सांगा थोडा वेळ दे म्हणून."

"आई," लेक म्हणाली, आणि आता ती रडत होती, "आत्ताच कीर्तन केलास तू, सगळे किती खूश होते. का स्पॉइल करतेस?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी लेकीला सुनावणार होते, पण ती ओठावर येईपर्यंत माझ्याच अंगावर आली. पुस्तकांत एक गोष्ट होती जी मी आख्यानात घेतली नव्हती. त्या नेत्यावर त्याच्या काळातच लोक टीका करत, की ह्याला समुद्रापलीकडचे गुलाम दिसतात आणि इथल्या गिरण्यांतले मजूर दिसत नाहीत. मला वाटलं होतं, पंचाहत्तरीच्या घरात कशाला हे.

मी म्हटलं, "मग आजपासून तुझ्या घरचं पाणीसुद्धा मला नको." आणि समोर वाढून ठेवलेलं ताट सरकवून उठले. जुन्या बायका मुलीच्या घरी पाणी प्यायच्या नाहीत, त्या रूढीला मी जन्मभर हसत आले. आता तीच कामाला आली. पर्समध्ये पाण्याची बाटली होती आणि ट्रेनच्या प्रवासासाठी घेतलेली केळी. रविवारी दिवसभर मी बाहेर बागेतल्या सोफ्यावर बसून केळी खाल्ली. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, एव्हरीथिंग ऑल राइट? मी म्हटलं, नो. लेक खिडकीतून बघत होती. नात येऊन माझ्या शेजारी बसली, काही न विचारता, आणि मग लेकीनं तिला आत बोलावलं.

विहीणबाईंनी मला बोलावणं पाठवलं तेव्हा मला वाटलं, आता ह्या आपल्या बाजूनं बोलतील. त्या पैठणी सोडून गाऊनमध्ये पडल्या होत्या. चांगला होता तो हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला आणि असा आवळला की बांगडी रुतली. जड जिभेनं, शब्द जुळवत म्हणाल्या, "तिला... नका... पाठवू. मला... कोण?" डोळ्यांतून पाणी उशीवर. मावशी तिथंच उभी होती, तिनं पुढं होऊन त्यांचे डोळे पुसले. मला त्या म्हातारीची चीड आली आणि कीवही. अंग उलथवायला दुसऱ्याचे हात लागतात, तेव्हा माणूस काय करेल सांगता येत नाही. मी तरी काय करीन, देव जाणे.

मग मी मावशीला घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि लेक-जावयाला म्हटलं, "मी राहते. तुमची सोय होईपर्यंत विहीणबाईंचं मी करते. भात मलाही शिजवता येतो. तिला सोडा."

 मग जावई उठला, अभ्यासिकेत गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला. पासपोर्ट आणून तो माझ्यापुढं धरला.

"माझ्या हातात नको," मी म्हटलं. "तिच्या."

त्यानं तो तिला दिला. तिनं उघडून आधी आपला फोटो पाहिला, आणि मग ब्लाउजमध्ये खोचला.

ती वेळेवर पोचली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पोरीला मुलगी झाली, आई जवळ असताना. पण मला सांगायचंय ते हीथ्रोचं.

तिकीट मी काढलं. मोटरवेवर गाडी चालवायचा मला धीर होत नाही, म्हणून लेकच म्हणाली, मी सोडते. मला बरं वाटलं. वाटलं, पोर वळणावर येतेय. मागच्या सीटवर मावशी जॅकेट घालून बसली होती, लेकीनं घेतलेलं तेच. लेकीनं बाळासाठी झबली-टोपरी घेतली होती, खेळणी घेतली होती, बॅगेची चेन लागत नव्हती. वाटेत दोघी बाळंतिणीनं काय खावं ह्यावर बोलत होत्या. पाहणाऱ्याला वाटलं असतं, बहिणीबहिणी आहेत.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी मावशीनं बॅग खाली ठेवली. माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला मध्येच धरलं. मग ती लेकीकडे वळली आणि हात जोडले.

"ताई, माज्या हातून काय चुकलं-माकलं असंल तर माफी करा."

आपल्यात हे सगळेच म्हणतात. पाहुणा चार दिवस राहून निघाला तरी म्हणतो, सुनेकडून गावी परतणारी सासूही म्हणते. त्यात खरी माफी कुणी मागत नाही. आणि समोरचा, कितीही रागात असो, लगेच म्हणतो, अहो, चुकलं असेल तर आमचंच, तुम्हीच आम्हाला माफ करा. ते उत्तर विचार करून द्यायचं नसतं, ते तोंडातून आपोआप येतं. मी लेकीकडे पाहिलं. मनात म्हटलं, बोल बाळा. एवढं एक वाक्य बोल.

लेकीचे डोळे भरले होते, खोटं बोलणार नाही. तिनं मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, मावशी," ती म्हणाली. "माफ केलं. सगळं माफ केलं."

मावशी हात जोडून तशीच उभी राहिली. ती वाट बघत होती, मला कळत होतं कशाची. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चुकलं आमचं, बाई. तूच आम्हाला माफ कर." तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली, मोठ्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी, आणि पुन्हा लेकीकडे बघितलं. लेक तिच्या बॅगेचा पट्टा सारखा करत होती. मग मावशीनं बॅग उचलली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

गाडीत बसल्यावर मला रडू आवरेना. लेकीनं एका हातानं टिश्यूचा बॉक्स पुढं केला. ती खरोखर गोंधळली होती, तिच्या आवाजात राग नव्हता.

"आता का रडतेस, आई? तुला पाहिजे तसा झाला ना सगळा? मी तिला काही बोललेपण नाही. माफ केलं ना मी तिला?"

जन्मभर माझं तोंड कुणी बंद करू शकलं नव्हतं. उत्तर जिभेवर होतं. पण दिलं असतं तर संध्याकाळी मी लेस्टरच्या ट्रेनमध्ये असते, आणि विहीणबाईंना कूस बदलून द्यायला घरात कुणी नसतं.

"काही नाही," मी म्हटलं. "गाडी जरा भरभर घे. विहीणबाईंच्या औषधाची वेळ झाली."